निवेदन आधी ऐकू यावे, संगीत त्यानंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेवापूर्तीचा सोहळा असो, ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की शोकसभा, पडद्यावर एकामागून एक सरकणारी छायाचित्रे, त्यांची माहिती सांगणारा आवाज आणि मागे वाजणारे संगीत असा दहा-पंधरा मिनिटांचा स्लाइड शो हल्ली जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात असतो. ही चांगली गोष्ट आहे. गावच्या शाळेचा इतिहास गावातल्याच शिक्षकांनी गोळा करावा, घरोघरच्या ट्रंकांमधून जुनी छायाचित्रे काढून आणावीत आणि कोणत्याही स्टुडिओची पायरी न चढता त्यांची चित्रफीत करावी, ही सोय आधीच्या पिढीला नव्हती. मात्र यांतल्या पुष्कळ चित्रफितींमध्ये निवेदन संगीताखाली दबून जाते, आणि ज्यांच्यासाठी त्या केलेल्या असतात त्यांनाच त्या नीट ऐकू येत नाहीत. मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केले आहे आणि आता शाळा-संस्थांच्या अशा चित्रफितींना आवाज देते. त्यामुळे हा प्रश्न मला रोजच्या कामात भेटतो, आणि तो बहुतेक वेळा फुकटात सुटण्यासारखा आहे, म्हणून हे पत्र.

अलीकडे एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या अमृतमहोत्सवात अशी चित्रफीत दाखवली गेली. निवेदन माझे होते. संगीत नंतर दुसऱ्या कोणी जोडले होते. ग्रंथालयासाठी स्वतःच्या वाड्याची ओसरी देणारे गृहस्थ, पहिल्या दोनशे पुस्तकांची देणगी देणारे शिक्षक, अनेक वर्षे विनावेतन काम करणारे ग्रंथपाल, अशी नावे एकेका छायाचित्रासोबत सांगितली होती, आणि त्यांच्याच घरची माणसे पहिल्या रांगेत बसली होती. नेमके नाव आले की व्हायोलिन वर चढत होते. एक ऐंशीच्या पुढच्या आजी प्रत्येक छायाचित्राला शेजारच्या नातीकडे वळून "काय म्हणाली गं?" असे विचारत होत्या आणि नात तिला जेवढे कळले तेवढे सांगत होती. मागून "आवाज वाढवा" अशी मागणी झाली, ध्वनिक्षेपकवाल्याने आवाज वाढवला, आणि निवेदनाबरोबर व्हायोलिनही तेवढेच वाढल्याने ऐकू येणे होते तिथेच राहिले. शेवटी टाळ्या पडल्या, "फारच छान झाले" असे सगळे म्हणाले. नावे मात्र हवेत विरली.

"आवाज वाढवा" या उपायाने काम का होत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक आयोजकांचा भरवसा त्याच एका उपायावर असतो. एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीला झाकतो तो त्या दोघांमधल्या फरकामुळे. दोन्ही एकत्र वाढवले की फरक जिथल्या तिथे राहतो. एवढेच नव्हे, तर आवाज जितका मोठा तितके खालच्या पट्टीतले नाद वरच्या पट्टीतल्या नादांना अधिक झाकतात, हा कानाच्या रचनेचाच गुण आहे. त्यामुळे मोठ्या आवाजात लावलेला तबल्याचा डग्गा किंवा सिंथेसायझरचा खर्ज केवळ खर्जातच राहत नाही, तो वरच्या पट्टीतल्या नाजूक व्यंजनांवरही पसरतो. त्यात मंगल कार्यालयांची गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छत यांमुळे प्रत्येक शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन पडतो. अशा सभागृहात नुसते निवेदन समजून घ्यायलाही कानाला कष्ट पडतात. संगीताने त्या कष्टांत भर घातली की वयस्कर माणूस ऐकण्याचा नाद सोडतो आणि नुसती चित्रे पाहत बसतो.

आपल्या बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये असतो. 'आ', 'ओ' यांसारख्या स्वरांची ताकद मोठी असते आणि ती साधारण एक हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एक हजार कंपनांच्या, आतबाहेर असते. उलट 'स', 'श', 'त', 'ठ', 'ख', 'फ' यांना वेगळे ओळखू देणारी कुजबुज बरीच वर असते आणि ती मुळातच क्षीण असते. 'स'चा बहुतांश नाद तर चार हजार हर्ट्झच्या वर सापडतो. वय वाढते तसे ऐकणे कमी होते ते याच वरच्या टोकाकडून. म्हणूनच आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." ही तक्रार अगदी शब्दशः खरी आहे. संगीताच्या खाली 'सात हजार' आणि 'साठ हजार' यांतला फरक राहत नाही, कारण तो फरक केवळ एका व्यंजनाचा आहे आणि संगीताने पहिला घास त्याचाच घेतलेला असतो.

नावे निसटली तर हळहळ वाटते, पण काही ठिकाणी त्याहून अधिक निसटते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा अंगणवाडीत जलसंजीवनी कशी करावी याची चित्रफीत लावली जाते. कृती साधी आहे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा, लहान). ही माहिती ऐकणारी आई कडेवरच्या आजारी मुलाला सांभाळत उभी असते, बाजूला दुसरी मुले रडत असतात, पंखा घरघरत असतो. अशा वेळी निवेदनाखाली उत्साही संगीत वाजत असेल तर 'सहा'चे 'दहा' व्हायला कितीसा वेळ लागतो? 'अर्धा सपाट चमचा' यातला 'अर्धा' निसटला आणि 'चमचा' तेवढा ऐकू आला तर मीठ दुप्पट होते. कीटकनाशक किती पाण्यात किती मिसळायचे, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, अर्जाची शेवटची तारीख कोणती, ही सगळी याच जातीची माहिती आहे. जिथे आकडा, मात्रा, तारीख किंवा नाव सांगायचे आहे तिथे संगीत अजिबात नको, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढी दोन वाक्ये शांततेत जाऊ दिली तर चित्रफीत रुक्ष होत नाही. उलट श्रोत्यांना कळते की आता काही तरी महत्त्वाचे सांगितले जात आहे.

चित्रफीत करणाऱ्यांना हे खटकत का नाही, याचे कारण त्यांचा निष्काळजीपणा नाही; ही माणसे रात्री जागून, पदरमोड करून काम करतात हे मी जवळून पाहते. कारण असे की ज्याने संहिता लिहिली किंवा चित्रफीत जुळवताना ती पन्नासदा ऐकली, त्याला प्रत्येक शब्द पाठ झालेला असतो, आणि पाठ असलेला शब्द कानावर अर्धामुर्धा पडला तरी मन तो पुरा करून घेते. त्याला सगळे स्पष्ट ऐकू येते, कारण तो ऐकत नसतो, आठवत असतो. शिवाय तो हेडफोन लावून काम करतो. हेडफोनमध्ये ना सभागृहाचा घुमारा असतो, ना पंख्याची घरघर, ना शेजारच्याचे खोकणे. म्हणून तपासणी दुसऱ्याने करावी लागते. ज्याला संहिता ठाऊक नाही, अशा पासष्टीच्या पुढच्या एखाद्या व्यक्तीला चित्रफीत साध्या स्पीकरवर, पडद्याकडे पाठ करून ऐकवावी आणि त्यातली नावे व आकडे कागदावर लिहायला सांगावे. एखादे नाव किंवा आकडा जरी चुकला तरी संगीत खाली घ्यायचे, यात वादाला जागा ठेवू नये.

चित्र, निवेदन आणि संगीत यांचा मेळ आपल्याला नवा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले आहेत, आणि त्या कथनाला वीणा, टाळ, हुडुक (डमरूसारखे चर्मवाद्य) यांची साथ असते. याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला. त्यात काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवत आणि सोबत निवेदन, संवाद व गाणी असत. आजच्या स्लाइड शोचा हा थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही, आणि तो आपल्याकडे चलच्चित्रांच्या आधीपासून होता. कीर्तनाचे उदाहरण तर प्रत्येकाच्या पाहण्यातले आहे. अभंग चालू असताना टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो, पण बुवांनी निरूपणाला तोंड फोडले की टाळ थांबतात, मृदंगावरचा हात थबकतो, मागे फक्त सूर रेंगाळतो. आणि दृष्टान्त संपून पुन्हा चरण आला की टाळकरी आपोआप उठाव घेतात. त्यांना कोणी खूण करत नाही. ते बुवांचे ऐकत असतात, एवढेच.

संगणकावर हरवते ती नेमकी ही गोष्ट. तिथे संगीताची फाइल निवेदनाचे ऐकत नाही. ती आपल्या चालीने वर-खाली होत राहते, आणि तिचा उठाव नेमका महत्त्वाच्या वाक्यावर आला तर तिला त्याची गंधवार्ता नसते. म्हणून साथीदाराचे काम मिश्रण करणाऱ्याने स्वतः करायला हवे. एकदा आवाजाची पट्टी कमी करून मोकळे झाले, असे करून चालत नाही. संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवेदनाबरोबर ऐकत जाऊन प्रत्येक ठिकाणी ते किती असावे हे ठरवावे लागते.

किती असावे याला एक मोजमापही उपलब्ध आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत असे म्हटले आहे की बोलण्यामागे वाजणारे ध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) कमी असावेत, किंवा ते बंद करण्याची सोय ऐकणाऱ्याला असावी, किंवा ते नसावेतच. केवळ एक-दोन सेकंद टिकणारे तुरळक ध्वनी अपवाद धरले आहेत. २० डेसिबल कमी म्हणजे ध्वनिलहरीची उंची एक दशांश, आणि कानाला जाणवणारा आवाज साधारण एक चतुर्थांश. हा निकष काटेकोरपणे पाहता फक्त चित्र नसलेल्या, नुसत्या ध्वनिमुद्रित भाषणासाठी लिहिलेला आहे आणि तो सर्वांत वरच्या, म्हणजे 'एएए' पातळीवर आहे. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे त्याखालची 'एए' पातळी धरतात, त्यामुळे तो कोणावर बंधनकारक ठरत नाही. तरीही स्लाइड शोसाठी तोच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा असे मी आग्रहाने म्हणेन. पहिल्यांदा इतके कमी संगीत ऐकले की करणाऱ्याला ते लावल्यासारखेच वाटत नाही. सभागृहात मात्र ते पुरेसे असते. मोठ्या संस्थांनाही हा धडा श्रोत्यांकडूनच मिळाला आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या विश्वाविषयीच्या एका विज्ञानमालिकेत संगीत निवेदनावर कुरघोडी करते, अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या आणि पुढच्या भागांचे ध्वनिमिश्रण बदलण्यात आले. आपल्याकडे प्रेक्षक तक्रार करत नाहीत, नातीला विचारतात.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल. अनेक शिक्षकांनी मला ती विचारली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

निवेदन आधी आणि एकटे ध्वनिमुद्रित करावे. गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली झोपण्याची खोली रिकाम्या वर्गखोलीपेक्षा कितीतरी चांगली, कारण तिथे घुमारा कमी असतो. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही थोडा वेळ बंद, मोबाइल किंवा मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचा फुंकर त्यावर थेट बसत नाही. सुरुवातीला काहीही न बोलता चार-पाच सेकंद मुद्रण चालू ठेवावे. खोलीतला जो बारीक गुंजारव त्यात येतो तो नंतर कमी करण्यासाठी सॉफ्टवेअरला नमुना म्हणून देता येतो. पॉवरपॉइंटमध्येच थेट निवेदन मुद्रित करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की एक स्लाइड जाऊन दुसरी येत असताना तिथे आवाज मुद्रित होत नाही. त्या क्षणी बोलत राहिले तर वाक्याची सुरुवात किंवा शेवट तुटतो. स्लाइड पूर्ण येऊ द्यावी, एक श्वास घ्यावा आणि मग बोलावे.

निवेदनाचा आवाज पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकसारखा झाल्याशिवाय संगीताला हात लावू नये. पुष्कळांचा क्रम उलटा असतो. आधी आवडते संगीत टाकतात, त्यावर चित्रे बसवतात आणि मग उरलेल्या जागेत आवाज कोंबतात. पॉवरपॉइंटमध्ये पार्श्वसंगीत सगळ्या स्लाइडवर सलग वाजवण्याची सोय आहे, पण तिथले आवाजाचे नियंत्रण ढोबळ आहे. निवेदनाच्या मधल्या विरामात संगीत वर आणि बोलणे सुरू होताच खाली, हे काम तिथे नीट साधत नाही. त्यासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात संगीताची पट्टी (ट्रॅक) वर आणि निवेदनाची पट्टी तिच्या लगेच खाली ठेवायची, संगीत निवडायचे आणि 'ऑटो डक' हा परिणाम (इफेक्ट) द्यायचा. निवेदन सुरू झाले की संगीत आपोआप खाली जाते आणि थांबले की वर येते. मुळात हा परिणाम संगीत १२ डेसिबलने खाली नेण्यासाठी लावलेला असतो. म्हणजे आधीच संगीत निवेदनापेक्षा आठ डेसिबलने खाली ठेवून मग हा परिणाम दिला तर बोलण्याखाली २० डेसिबलचे अंतर मिळते. मात्र किती वेळ शांतता असेल तर संगीत वर आणायचे, ही मर्यादा तिथे एक सेकंदाची असते. आपण सावकाश, दोन वाक्यांमध्ये दम घेत बोलत असू तर प्रत्येक पूर्णविरामाला संगीत उसळते आणि पुन्हा आपटते, आणि ते ऐकणे फार त्रासदायक होते. ती मर्यादा तीन सेकंदांपर्यंत वाढवावी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये काम करणाऱ्यांनी निवेदन आणि संगीत यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवून हेच हाताने करावे. वेळ जास्त लागेल, पण परिणाम बहुधा अधिक चांगला येईल, कारण कान आपला असेल.

संगीत निवडतानाच अर्धे काम होते किंवा बिघडते. शब्द असलेले गाणे निवेदनाखाली कधीही नको. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येत नाही, मग त्यातला एक गात का असेना. बासरी, सारंगी, व्हायोलिन, सनई यांचे एकल वादन तर विशेष टाळावे. ही वाद्ये आपल्याला हृद्य वाटतात ती माणसाच्या गळ्याला जवळची म्हणूनच, आणि त्याच कारणाने ती निवेदनाची जागा बळकावतात. शिवाय धून ओळखीची असेल तर श्रोता मनात ती गुणगुणू लागतो आणि निवेदन बाजूला राहते. तानपुरा, स्वरमंडळाचा हलका झंकार, ठळक चाल नसलेली संथ सुरावट यांवर बोलणे स्वच्छ तरंगते. ज्यांना ध्वनिसमायोजन (इक्वलायझरने आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणे) येते त्यांनी संगीतातला एक हजार ते चार हजार हर्ट्झचा भाग चार-पाच डेसिबलने कमी करावा, कारण बोलणे समजण्याची मुख्य जागा तीच आहे. चित्रपटगीतांच्या धुनी वापरण्यात कॉपीराइटचीही अडचण आहे. अशी चित्रफीत यूट्यूबवर टाकली की हक्कधारकाचा दावा येऊ शकतो आणि तिचा आवाज बंद करण्याची पाळी आली तर निवेदनावरही गदा येते. मोफत वापराला परवानगी असलेले संगीत यूट्यूबच्याच संग्रहात पुष्कळ आहे.

संगीताला त्याची जागा जरूर द्यावी. शीर्षकापाशी ते पूर्ण आवाजात येऊ द्यावे, निवेदन सुरू होण्याच्या दोनेक सेकंद आधी हलके हलके उतरवावे, आणि जिथे नुसती छायाचित्रे बोलत आहेत, उदाहरणार्थ शाळेच्या जुन्या सहलींची दहा चित्रे सलग आहेत, तिथे निवेदन थांबवून संगीत मोकळे सोडावे. संहिता लिहितानाच अशा मोकळ्या जागा ठेवाव्या लागतात. माझ्या हाती येणाऱ्या बऱ्याच संहितांमध्ये पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत शब्द ठासून भरलेले असतात. मग संगीताला जागाच उरत नाही आणि ते शब्दांच्या अंगावर येते. एक तृतीयांश शब्द कापले तर निवेदन आणि संगीत दोघांनाही श्वास घेता येतो. शोकसभेच्या चित्रफितीत तर मला संगीत जवळजवळ नकोच वाटते. गेलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज एखाद्या जुन्या मुद्रणात असेल, तर त्याखाली करुण सुरावट घालण्याचा मोह कृपया आवरावा. घरच्यांना तो आवाज हवा असतो, त्यातल्या खाकरण्यासकट.

यावरून एक मुद्दा निघतो, जो मला सर्वांत अधिक काळजीचा वाटतो. गावोगावी वयोवृद्ध माणसांच्या आठवणी मुद्रित करून त्यांचे स्लाइड शो केले जात आहेत. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसे, गिरणीत आयुष्य काढलेले कामगार, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या बाया यांचे हे आवाज पुन्हा मिळणार नाहीत. पुष्कळदा मूळ मुद्रण जपलेच जात नाही. संगीत मिसळलेली अंतिम चित्रफीत तेवढी उरते, आणि तीही व्हॉट्सॲपवरून फिरून दाबली गेलेली (कॉम्प्रेस झालेली). एकदा मिसळलेले संगीत नंतर स्वच्छपणे वेगळे काढता येत नाही. आज नवी साधने ते काही अंशी करतात, पण त्यात मूळ आवाजाच्याही कडा झिजतात. म्हणून प्रत्येक संस्थेने निवेदनाची आणि मुलाखतीची संगीतविरहित मूळ फाइल, शक्यतो न दाबलेल्या 'वेव्ह' (WAV) स्वरूपात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि तिच्या नावात बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. उद्याच्या अभ्यासकाला आपण निवडलेल्या संगीताशी काही देणेघेणे नसेल. त्याला ते बोलणे हवे असेल, आणि त्यातले गावचे उच्चारही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम असे सांगते की ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावा यासाठी शासनाने उपाययोजना करावी. सुगम्यता म्हटले की आपल्याकडे उतार (रॅम्प) किंवा लिफ्ट आठवते. श्रवणयंत्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र संगीताखाली दबलेले निवेदन ही न चढता येणारी पायरीच आहे, कारण श्रवणयंत्र बोलण्याबरोबर संगीतही मोठे करते. पडद्यावर मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) दिल्याने मोठी मदत होते आणि ती द्यावीतच, परंतु ज्यांची नजरही अधू झाली आहे किंवा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्वच्छ आवाजाला पर्याय नाही. शासकीय विभागांनी आरोग्य, शेती आणि योजनांच्या माहितीच्या चित्रफिती करून घेताना कंत्राटातच २० डेसिबलची अट घालावी, आणि प्रत्येक चित्रफितीची संगीताशिवायची एक प्रत मागून घ्यावी. याला वेगळा खर्च येत नाही. संगीताची पट्टी बंद करून फाइल पुन्हा एकदा काढायची असते.

शाळा-महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि सेवाभावी संस्थांत माहितीपर चित्रफितींच्या स्पर्धा होतात. त्यांच्या गुणपत्रिकेत छायाचित्रण, संकलन, विषयाची मांडणी यांना गुण असतात. ऐकू येण्याला नसतात. संयोजकांना माझी विनंती आहे की परीक्षकांत किमान एक व्यक्ती सत्तरीच्या पुढची असावी, चित्रफिती हेडफोनवर न ऐकता सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून ऐकाव्यात, आणि नियमावलीत "निवेदनातील प्रत्येक नाव व आकडा पहिल्याच ऐकण्यात स्पष्ट समजला पाहिजे, न समजल्यास गुण कमी केले जातील" असा एक नियम घालावा. येत्या स्नेहसंमेलनांच्या हंगामाआधी एखाद्या संस्थेने हा नियम करायचे ठरवले आणि त्यासाठी शिक्षकांना एक दुपार प्रत्यक्ष मिश्रण करून दाखवावे असे त्यांना वाटले, तर मी माझा संगणक घेऊन यायला तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवल्यास तो माझ्यापर्यंत पोहोचेल.

आपली नम्र,
एक निवेदिका, सातारा